शेवटचा पाचवा हिस्सा

एकदा एका मोठ्या धरणाच्या जलाशयावर बिनआवाजाची एक बोट चालत असे. तिच्यात डिझेलचे इंजिन नव्हते. तळाच्या फळ्यांखाली आठ जड बॅटऱ्या होत्या आणि त्यांच्या बळावर ती पलीकडच्या काठावरच्या सहा वाड्यांना अलीकडच्या काठाशी जोडत असे. अलीकडे डांबरी रस्ता होता, दवाखाना होता, आठवड्याचा बाजार होता. पलीकडे डोंगर होता, चौथीपर्यंतची शाळा होती आणि माणसे होती. धरण भरले तेव्हा मधली वाट बुडाली. तेव्हापासून पलीकडच्या माणसाला आजारी पडायचे झाले तरी आधी पाण्याकडे पाहावे लागे.

बोट एका सेवाभावी संस्थेने दिली होती. बॅटऱ्या भरण्यासाठी अलीकडच्या धक्क्यावर, बोट आत घेता येईल अशी पत्र्याची शेड होती, तिच्या छपरावर सौर पॅनेल होते. पहिला बॅटऱ्यांचा संच दीड वर्षातच बाद झाला. तो पाच-सहा वर्षे टिकायला हवा होता. तेव्हा नवा संच बसवून संस्थेच्या लोकांनी गावातल्या एका वृद्धाला विनंती केली की तुम्ही कुणाला तरी हे काम शिकवा. ते वृद्ध म्हणजे केरबाअण्णा.

अण्णांनी टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी-खोल्यांत एकतीस वर्षे काढली होती. गावाची वीज जाई, पण फोन चालू राही, तो त्या खोलीच्या जोरावर. नोकरी संपल्यावर ते गावी परतले. पत्नी वारली होती, मुलगी सांगलीला संसारात होती. अण्णा एकटे राहत. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माणूस आवाजावरून ओळखत, पण बॅटरीच्या झाकणावर हात ठेवला की तिची तब्येत सांगत.

शिकायला आली ती वैजंता. ती पलीकडच्या काठाची. वय एकोणतीस, शिक्षण दहावी. नवरा तीन वर्षांपूर्वी काविळीने गेला होता. बोट चालवायची आणि बॅटऱ्या सांभाळायच्या, असे तिचे काम ठरले. बोट रात्री अलीकडे राही, म्हणून तिलाही धक्क्याजवळच्या खोलीत राहावे लागे. सात वर्षांची मुलगी, ईश्वरी, पलीकडे आजीपाशी होती. शाळा तिकडेच होती, आणि आजी म्हशीला सोडून येईना.

अण्णांनी शिकवायला सुरुवात केली तेव्हा पहिले आठ दिवस वैजंताला कशालाच हात लावू दिला नाही. नुसते पाहायला सांगितले. चार्जरवर एक काटा होता, किती वीज आत जाते ते दाखवणारा.

"काटा चाळीसवर आहे, अण्णा."

"असू दे."

दीड-दोन तास काटा जागचा हलला नाही. मग हळूहळू उतरू लागला. चार्जरवरचा हिरवा दिवाही लागला.

"अण्णा, भरली!"

"चार हिस्से भरली. पाचवा राहिला."

"त्याला किती वेळ?"

"आधीच्या चारांना लागला त्याहून थोडा जास्तच."

वैजंता हसली. "एका हिश्श्याला एवढा?"

"हसू नकोस. आधी वीज बादलीनं ओतल्यासारखी आत जाते. शेवटी झिरपते. बघणाऱ्याला वाटतं, काहीच होत नाही, उगाच का थांबायचं? तिथंच लोक वायर काढतात. आणि तिथंच बॅटरी मरायला लागते."

"दिवा तर हिरवा आहे."

"दिवा चार हिश्श्यांवरच लागतो. दिव्याला घाई असते. तू ह्या नळीला विचार." त्यांनी तिच्या हाती एक काचेची नळी दिली. बॅटरीचे बूच काढून आतले आम्ल त्या नळीत ओढून घ्यायचे. आतला तरंगणारा काटा किती वर येतो त्यावरून आकडा वाचायचा. पूर्ण भरलेल्या बॅटरीत तो बाराशे सत्तरच्या आसपास येतो. "माझ्या डोळ्यांना आता आकडा दिसत नाही," अण्णा म्हणाले. "तू वाचायचंस आणि मोठ्यानं सांगायचंस. तुझे डोळे ते माझे डोळे."

असे एकेक करून त्यांनी तिला सारे शिकवले. निम्म्याहून खाली बॅटरी उपसायची नाही. रिकामी बॅटरी दिवस-दिवस तशीच ठेवायची नाही. पाणी घालायचे ते डिस्टिल्ड, आणि तेही भरून झाल्यावर; आधी घातले तर फुगून बाहेर येते. भरताना पेटणारा वायू निघतो, म्हणून शेडचे दार उघडे ठेवायचे, जवळ काडी ओढायची नाही. सकाळी सातला एक फेरी, दुपारी साडेचारला दुसरी. मधल्या वेळेत बोट चार्जरला, आणि तिला कुणी हात लावायचा नाही.

वैजंता मन लावून शिकली. चार महिन्यांत ती बॅटरीच्या पोटातला खळखळाट ऐकून सांगू लागली की कोणती भरत आली आहे, कोणती मागे आहे. अण्णा शेडच्या बाहेर खाटेवर बसून ऐकत आणि मान हलवत.

आता तिच्या मनातले सांगतो.

पलीकडच्या धक्क्यावर बोट पंधरा मिनिटे थांबे. दुधाच्या किटल्या चढत, म्हातारी माणसे उतरत, आणि त्या पंधरा मिनिटांत ईश्वरी धक्क्याच्या दगडावर आईपाशी बसे. सकाळी पंधरा, संध्याकाळी पंधरा. आईला दाखवायचे ते सारे तिने तयार ठेवलेले असे. वही दाखवी, कविता म्हणे, पडलेला दात मुठीतून आणी. मग वैजंता दोर सोडी. बोट मागे सरे, आणि धक्क्यावरचा शाळेचा पांढरा सदरा लहान होत होत पाण्यावरच्या बगळ्याएवढा होई, मग तेवढाही उरत नसे. अलीकडे पोचल्यावर वैजंता शेडच्या दारात उभी राहून त्या काठाकडे पाही. चाळीस मिनिटांचे पाणी. इतके जवळ की सकाळी तिकडच्या चुलींचा धूर दिसे, आणि इतके लांब की हाक पोचत नसे.

एके संध्याकाळी ईश्वरी म्हणाली, "आई, दुपारी खिचडीच्या सुट्टीत सगळ्यांच्या आया येतात शाळेत. कुणी पापड आणतं, कुणी लोणचं."

एवढेच म्हणाली. तू ये, असे म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता हिरवा दिवा लागला. अण्णा जेवायला घरी गेले होते, ते चारशिवाय येत नसत. वैजंताने दिव्याकडे पाहिले, पाण्याकडे पाहिले आणि वायर काढली. एक वाजता ती शाळेच्या ओट्यावर होती. हातात पापड होते. ईश्वरीने तिला सगळ्या वर्गापुढून हाताला धरून नेले.

दुपारची फेरी रोज सुरू झाली. वाड्यांतल्या लोकांनाही ती सोयीची झाली. अण्णांच्या कानावर गेलेच. त्यांनी विचारले, "दुपारी बोट सोडतेस?"

"हो अण्णा. दिवा लागला की सोडते. परत आल्यावर पुन्हा लावते."

"नळी काय सांगते?"

वैजंताच्या हातात नळी होती. तरंगता काटा बाराशे तीसवर होता. तिच्या डोळ्यांपुढे शाळेचा ओटा आला.

"बाराशे सत्तर," ती म्हणाली.

अण्णांनी मान हलवली. "मग ठीक आहे. नळी सांगते ते खरं."

पहिल्या दिवशी तो आकडा सांगताना तिची जीभ अडखळली. आठवड्याने अडखळेनाशी झाली. बॅटऱ्यांना पाणीही कमी लागू लागले, आणि तिने मनाची समजूत घातली की हे चांगलेच लक्षण असणार. खरे तर ज्या बॅटरीला पुरते भरूच दिले जात नाही तिला पाणी कमी लागते. हे अण्णांनी तिला शिकवलेले होते. पण ज्याला एखादी गोष्ट ऐकायची नसते, त्याच्या स्मरणातूनही ती गोष्ट बाजूला सरते.

असे चार महिने गेले. बोट थोडी मंद झाली. वारा आहे, असे वैजंता लोकांना सांगे.

फाल्गुनातली एक संध्याकाळ. बोट पलीकडच्या धक्क्यावरून सुटणार, एवढ्यात दोन माणसे बिरू कोकरेला आधार देत घेऊन आली. बिरू मेंढरे राखणारा, चाळिशीतला. गवत कापताना फुरसे उजव्या हाताला चावले होते. हात कोपरापर्यंत सुजला होता. सर्पविषावरची लस अलीकडच्या दवाखान्यात होती. वैजंताने बिरू आणि बरोबरचा एकजण सोडून दुसऱ्या कुणाला न चढवता दोर सोडला. ईश्वरी धक्क्यावर उभी होती.

समोरून वारा होता. बोटीने अर्धे पाणी कापले आणि तिची गती उतरू लागली. मग आणखी उतरली. दोन तृतीयांश पाणी मागे पडले असेल, तेव्हा पाण्याखालचा पंखा फिरायचा थांबला. ज्या बोटीला कधीच आवाज नव्हता ती बंद पडल्याचेही आधी कळले नाही. कळले ते बोटीचे तोंड वाऱ्याने वळू लागले तेव्हा.

"काय झालं?" बिरूने विचारले.

वैजंताने फोन काढून पाहिला. फोनला रेंज नव्हती. तिने तळाची एक फळी उपसली, दुसरी बिरूबरोबरच्या माणसाने घेतली आणि दोघे वल्हवू लागले. वारा त्यांना दोन हात पुढे जाऊ देई आणि एक हात मागे ओढी. बिरूच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले होते. तो नुसता आपल्या हाताकडे पाहत होता. बारा-तेरा मिनिटांच्या त्या पाण्याला सव्वा तास लागला.

बिरू वाचला. पण उजव्या हाताचे पहिले बोट काळे पडले होते, ते डॉक्टरांना काढावे लागले.

दुसऱ्या सकाळी अण्णा शेडमध्ये आले. त्यांच्याबरोबर दवाखान्यातल्या नर्सबाई होत्या. अण्णांनी वैजंताच्या हातून नळी मागून घेतली आणि ती नर्सबाईंच्या हाती दिली. "तुम्ही वाचा."

आठ बॅटऱ्या, प्रत्येकीत तीन बुचे. नर्सबाई एकेक आकडा वाचत गेल्या. अकराशे साठ. अकराशे नव्वद. अकराशे चाळीस. वैजंता भिंतीला टेकून उभी होती. चोविसावा आकडा झाल्यावर नर्सबाई निघून गेल्या.

"चार महिने?" अण्णांनी विचारले.

"चार महिने."

"दुपारी कुणासाठी जात होतीस?"

"ईश्वरीसाठी."

अण्णा बराच वेळ बॅटरीच्या झाकणावर हात ठेवून बसले. संस्थेच्या माणसाचा निरोप येऊन पडला होता की ह्या बाईला काढून टाका. वाड्यांतले लोक संतापले होते. वैजंता वाट पाहत होती की आता अण्णा आपल्याला चार शब्द सुनावतील, आणि ते सुनावतील तर बरे होईल.

अण्णा उठले. त्यांनी बोटीला साखळी घातली. मग धक्क्यावर मासे सुकवत बसलेल्या सोमाला हाक मारली. सोमाची वल्ह्यांची होडी होती.

"सोमा, हिला पलीकडं सोड. तीन दिवस बोट बंद. कुणी आजारी असलं तर तेवढं तू आण." मग वैजंताकडे तोंड करून म्हणाले, "जा. पोरीपाशी राहा. तीन दिवस मला तोंड दाखवू नकोस."

वैजंताला कळेना. जिच्या ओढीने हा अपराध घडला, तिच्याकडेच धाडतात, ही शिक्षा कसली? का कायमचे घालवायची ही रीत? विचारायचा धीर तिला झाला नाही. ती होडीत बसली.

पहिल्या दिवशी ईश्वरीच्या आनंदाला सीमा नव्हती. शाळेला तिने दांडी मारली. वही दाखवली, चित्रे दाखवली, तीन कविता म्हटल्या, म्हशीचे नवे रेडकू दाखवले. मग एकाएकी तिच्याजवळचे सारे संपले. ती आईकडे पाहत उभी राहिली. आत गेली, आईची पिशवी घेऊन आली आणि तिच्या हातात देऊन म्हणाली, "आई, बोटीला उशीर होईल."

"आज बोट नाही, बाळा. मी राहणार आहे."

ईश्वरीने पिशवी दाराशी ठेवली. घरात नाही ठेवली.

दुसरा दिवस अवघड गेला. मुलगी आजीभोवती घुटमळत राहिली. पाणी मागायचे ते आजीकडे, वेणी घालून घ्यायची ती आजीकडून. वैजंता भाकरी करी, अंगण झाडी आणि मुलीकडे पाही. मुलगी तिच्याकडे पाहत नव्हती. आपण इथे असून नसल्यासारख्या आहोत, असे तिला वाटले. संध्याकाळी वैजंता आपल्या आईला म्हणाली, "उद्या सोमाला हाक मारते. मी इथं राहून काही होत नाही."

तिची आई म्हशीची धार काढत होती. मान वर न करता म्हणाली, "अण्णांनी तीन दिवस सांगितलेत ना? मग तीन राहा."

तिसऱ्या दिवशी वैजंताने स्वतः फणी घेतली आणि मुलीला पुढ्यात बसवले. केसात गुंता होता. जरा ओढले गेले. ईश्वरी किंचाळून उठली.

"तू नको विंचरूस! तू जाणारच आहेस!"

"अगं, हळू करते..."

"नको! तू हात लावू नको मला!" आणि तिने आईला मारायला सुरुवात केली. खांद्यावर, छातीवर, मिळेल तिथे. "तुझी बोट थांबली ना? मी बघत होते. पाण्यात नुसती उभी होती. आजी म्हणाली, वारा आहे, जाईल. मग अंधार झाला. मला वाटलं, तू पण गेलीस! बाबांसारखी गेलीस!"

वैजंताने तिला धरले नाही, अडवलेही नाही. मारू दिले. मग ते मारणे रडणे झाले आणि रडणे हुंदके झाले, आणि दुपारी मुलगी तिच्या मांडीवर झोपली. पायाला मुंग्या आल्या, मग पाय बधिर झाला. वैजंता हलली नाही. दोन तास झाले. बाहेरून पाहणाऱ्याला तिथे काहीच घडत नव्हते.

जाग आल्यावर ईश्वरी उठली नाही. पडल्या पडल्या छपराकडे पाहत म्हणाली, "आई, मला बाबांचा चेहरा आठवत नाही."

"कधीपासून?"

"खूप दिवस. तुला सांगायचं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"बोटीपाशी असलं सांगता येत नाही."

त्या संध्याकाळी वैजंताने तिला बापाचे सारे सांगितले. त्याची एक भुवई दुसरीहून वर होती. हसताना तो तोंडावर हात धरायचा. ऐकता ऐकता ईश्वरीने स्वतःची भुवई चाचपून पाहिली.

चौथ्या सकाळी सोमाने वैजंताला अलीकडे आणले. शेडचे दार सताड उघडे होते. आत आठही बॅटऱ्या चार्जरवर होत्या आणि त्यांच्या पोटातून बारीक, एकसारखा खळखळाट येत होता. अण्णा खाटेवर बसले होते. तीन दिवस ते घरी गेले नव्हते. नर्सबाई सकाळ-संध्याकाळ येऊन आकडे वाचून जात होत्या.

"वाच," अण्णा म्हणाले.

तिने नळी घेतली. बाराशे साठ, बाराशे सत्तर, बाराशे पासष्ट. सहा बॅटऱ्या जवळजवळ परतल्या होत्या. दोन नाही. त्यांचा आकडा बाराशेच्या वर चढत नव्हता. ह्या वेळी तिने प्रत्येक आकडा आहे तसा सांगितला. सांगताना तिला रडू आले.

"पोरीकडं काय झालं?" अण्णांनी विचारले.

तिने सारे सांगितले. पिशवीचे, फणीचे, चेहऱ्याचे. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाले:

"आता ऐक. बॅटरी अर्धवट भरून अर्धवट वापरली की आतल्या पट्ट्यांवर पांढरा थर धरतो. रोज थोडा. ताजा असतो तोवर तो मऊ असतो, पुरती वीज दिली की विरघळतो. पण शेवटचा हिस्सा रोजच राहिला, तर तो थर दगड होतो. वरून बॅटरी तशीच दिसते. दिवा लागतो. काम पडतं तेव्हा मात्र ती मधल्या पाण्यात उभी राहते. तू रोज पोरीला भेटत होतीस. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. दर वेळी दोघींना वाटायचं, भेट झाली. तो हिरवा दिवा गं. वही दाखवणं, कविता म्हणणं, ते पहिले चार हिस्से, ते पटकन होतात. जे सांगायला जड असतं ते शेवटी झिरपतं, आणि त्याच्या आधी एक वेळ अशी येते की वाटतं काहीच होत नाही. तू आज नाही, काल सकाळीच परत आली असतीस तर?"

वैजंताने नळी खाली ठेवली.

"म्हणून तीन दिवस सांगितले. बोटीचं बिघडलं तिथंच तुझं बिघडलं होतं. नुसती बोट नीट करून काय उपयोग? तू पुन्हा वायर काढली असतीस."

"आणि मी खोटं बोलले ते, अण्णा?"

"ते तुझंच. त्याला माझ्याकडं औषध नाही. बिरूकडं जा."

तिने उघडी राहिलेली बुचे एकेक करून लावली. मग तिने विचारले, "तुम्हाला हे कसं कळलं? पोरीचं?"

अण्णांनी पाण्याच्या दिशेने तोंड केले. "मी एकतीस वर्षं गावोगावच्या एक्स्चेंजात होतो. बायको-पोर इथं. महिन्यातून एक रविवार यायचो. पद्मासाठी फ्रॉक आणायचो, खाऊ आणायचो. ती नाचायची. संध्याकाळच्या एस.टी.नं परत. मला वाटायचं, माझं घर किती हसरं आहे. तिची आई गेली त्या दिवशी मी पद्माजवळ बसलो, आणि काय बोलावं ते दोघांनाही सुचेना. आता सांगलीला गेलो की ती ताट वाढते, अंथरूण घालून देते. कशात उणं काढायला जागा नाही. मी दोन रात्री राहतो आणि परत येतो."

"दोनच का?"

"तिसऱ्या दिवशी फार शांत होतं गं घर. सोसत नाही. आणि आता तो थर दगड झाला असेल."

वैजंताने त्या दोन मागे राहिलेल्या बॅटऱ्यांकडे पाहिले. "ह्या दोघी परतणार नाहीत, हेही तुम्हाला पहिल्या दिवशीच माहीत असणार."

"अंदाज होता."

"तरी तीन दिवस दिलेत."

अण्णांनी त्या दोन बॅटऱ्यांच्या झाकणांवर हात ठेवला.

बिरू दवाखान्यातून घरी आला त्या दिवशी ती त्याच्या घरी गेली. त्याचा हात गळ्यात बांधलेला होता. तिने काही न लपवता सांगितले की आकडा मी खोटा सांगत होते. बिरूची बायको आत निघून गेली. बिरूने बांधलेल्या हाताकडे पाहिले. मग म्हणाला, "मेंढीची लोकर कातरायला हे बोट लागतं." एवढे बोलून तो थांबला. क्षमा केली, असे त्याने म्हटले नाही, आणि तिनेही मागितली नाही. त्या वर्षी, आणि पुढच्याही वर्षी, लोकर कातरायच्या दिवसांत वैजंता त्याच्या वाड्यावर जाऊन कात्री धरत असे.

दोन बाद बॅटऱ्यांच्या जागी अण्णांनी एका मोडीत निघालेल्या बोटीतल्या, तेवढ्याच वयाच्या दोन आणवल्या. जुन्यांत नवी घातली तर नवी लवकर म्हातारी होते. दुपारची फेरी बंद झाली. लोकांनी कुरकुर केली. बुधवारी बोट पूर्ण दिवस बंद राहू लागली. मंगळवारच्या दुसऱ्या फेरीला वैजंता पलीकडे उतरे, सोमा बोट परत आणून चार्जरला लावी आणि गुरुवारी पहाटे तिला घ्यायला जाई. संस्थेने तिला कामावर ठेवले ते अण्णांच्या शब्दावर. पुढे कितीतरी बुधवार असे गेले की आई-मुलीत विशेष काही बोलणेच झाले नाही. वैजंता त्या बुधवारांनाही निघून आली नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर अण्णा डोळ्यांच्या शस्त्रक्रियेला म्हणून सांगलीला गेले. आठवड्यात परततो म्हणाले होते. महिना झाला, दुसरा सुरू झाला. दर रविवारी वैजंता फोन करी, बॅटऱ्यांचे आकडे सांगी. अण्णा आकडे ऐकून घेत. घरचे विचारले तर "ठीक आहे" म्हणत, आणि त्या दोन शब्दांनंतर बराच वेळ फोनवर नुसता त्यांचा श्वास ऐकू येई.

एका रविवारी त्यांनी आकडे विचारलेच नाहीत.

"पद्मानं आज मला पिशवी दिली हातात," ते म्हणाले. "म्हणाली, मंडईत जाऊन कोथिंबीर आणा. आणि निवडून आणा, परवा पिवळी पानं उचलून आणलीत, आता डोळे केलेत ना? चांगलीच बोलली मला."

"मग अण्णा?"

"मग काय, निघालोय. नंतर बोलतो, मंडई लवकर उठते."

फोन ठेवून वैजंता शेडच्या दारात येऊन बसली. पाण्यापलीकडे धूर दिसत होता. धक्क्यावर दोन उतारू खोळंबले होते, ते म्हणाले, "भरली की गं आता. सोड ना."

"बसा," ती म्हणाली. "अजून थोडा वेळ आहे."

ज्याची आपल्याला ओढ असते त्याच्याकडे आपण धावत जातो. पोचल्यावर तिथे बसून राहणे मात्र शिकावे लागते.